मदत हवी आहे : बेळगावात ग्लुटेन-फ्री रामेन कुठं मिळेल?

नमस्कार मंडळी. माझ्या लेकीला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लुटेन हे प्रथिन तिला सोसत नाही, त्यामुळं गहू, मैदा, रवा, बार्ली सगळं बंद. घरी भाकरी-भात आहेच, त्याची तिची तक्रार नाही. पण कोरियन सिरियली बघून पोरीनं रामेनचा, म्हणजे रश्शातल्या नूडल्सचा, धोशा लावलाय.

गेल्या महिन्यात शहरातल्या एका हॉटेलात गेलो. वेटर म्हणाला, "राईस नूडल्स आहेत, काळजी नको." नूडल्स खरंच तांदळाच्या होत्या, रश्शात सोया सॉस होता. घरी येऊन बाटली बघितली तर त्यात गहू! शिवाय नूडल्स उकळायचं पाणी बहुतेक मैद्याच्या हक्का नूडल्सचंच असणार. दोन दिवस पोर पोट धरून बसली. चूक माझीच, नीट विचारायला पाहिजे होतं.

तर बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कुणी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पाण्यात करून देतं का? कोल्हापूर किंवा गोव्यातलंही चालेल, रविवारी जाऊन येऊ. गव्हाशिवायची तामारी (जपानी सोया सॉस) इथं कुठल्या दुकानात मिळते? मिसोतही (सोयाबीनची आंबवलेली पेस्ट) कधी बार्ली असते, कुट्टूच्या सोबा नूडल्समध्ये बऱ्याचदा गहू मिसळलेला असतो, म्हणून नुसतं "ग्लुटेन-फ्री आहे" एवढ्यावर माझा विश्वास बसत नाही. पाकिटावर ठीक आहे, तिथं किलोला २० मिलिग्रॅम ग्लुटेनची मर्यादा तरी आहे.

आणि एक, आचारी कन्नड बोलणारा असला तर "गोधी, मैदा, सोया सॉस हाकबेडरी" (गहू, मैदा, सोया सॉस घालू नका) एवढं पुरेल का? माझं कन्नड बाजारापुरतंच. भांडी वेगळी घ्या, हे कसं सांगायचं?