अनुभव धागा: फँटसी कादंबरीबद्दलचं तुमचं मत कधी आणि कशामुळे बदललं?

परवा आम्हा तीन मित्रांची रात्री दीड वाजेपर्यंत फोनवर खडाजंगी झाली. विषय काय, तर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' नेमकं संपतं कुठे. त्यावरून मनात आलं की नुसतं आवडलं, नाही आवडलं हे तर आपण नेहमीच बोलतो, पण एखाद्या पुस्तकाबद्दलचं आपलं पक्कं मत फिरलं कसं, हे कुणी नीट सांगत नाही. तर ते लिहा. सुरुवातीला आपलं गाव टाका, आणि शेवट फोडणार असाल तर आधी सांगा म्हणजे झालं. मीच सुरू करतो, आणि माझ्यात शेवट आहे हो.

पुणे (मूळ चिपळूणकडचा)

मी सिनेमे आधी पाहिले, पुस्तक नंतर वाचलं. पुस्तकात ती दुष्ट अंगठी ज्वालामुखीत पडून नष्ट होते आणि त्यानंतर अजून सहा प्रकरणं आहेत. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, मला वाटलं आता कशाला हे, लढाई जिंकली ना, संपव की. त्यात ते चौघे हॉबिट (बुटकी, साधी माणसं) घरी परत येतात तर त्यांच्या मुलखाची, शायरची, वाट लागलेली असते, हा भाग सिनेमात घेतलेलाच नाही, आणि दिग्दर्शकाने बरं केलं असं मी दहा-बारा वर्षं सगळ्यांशी भांडून सांगत होतो.

मग हायवेचं रुंदीकरण आलं. आमच्या फाट्यावर एक वड होता, एसटी येईपर्यंत सगळं गाव त्याच्याखाली उभं राहायचं. गणपतीला गावी गेलो, पहाटे बसमधून उतरलो आणि कुठे उतरलो हेच कळेना, कारण वडच नव्हता. घरी आल्यावर का कोण जाणे ते प्रकरण काढून वाचलं. त्या चौघांतला सॅम एवढं सगळं सोसून आलेला असतो, ज्वालामुखीच्या तोंडापर्यंत जाऊन आलेला, पण तो रडतो कधी, तर गावच्या मैदानातलं झाड तोडलेलं दिसतं तेव्हा. त्याच्याकडे जादूच्या वनाच्या स्वामिनीने, गॅलाड्रियलने, दिलेली माती भरलेली छोटी डबी असते. ती माती तो आपल्या एकट्याच्या बागेत ओतत नाही, जिथे जिथे चांगलं झाड तोडलंय तिथे नवं रोप लावून मुळाशी एकेक कण टाकत सगळ्या शायरभर फिरतो. हे वाक्य मी विशीत वाचलं असणारच, पण डोळ्यांखालून नुसतं गेलं होतं. आता माझं ठाम मत आहे की पुस्तक त्या झाडापाशी संपतं, ज्वालामुखीपाशी नाही. सिनेमावाल्यांनी तो भाग गाळला याचं मला खरंच वाईट वाटतं. आणि मित्राला परवा फोनवर सांगितलं, तुझंच बरोबर होतं.

कोल्हापूर

माझं वय ६८. आमच्या लहानपणी चांदोबा होता, त्यातला विक्रम आणि वेताळ होता, वाचनालयात नाथमाधवांच्या 'वीरधवल'ची पानं सुटलेली प्रत होती ती आम्ही भावंडांनी वाटून वाचली, तेव्हा अद्भुत म्हणजे काय हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यामुळे पुतण्या ड्रॅगन आणि जादूगार सांगायला लागला की मी म्हणायचो, अरे हे परक्यांचं आहे, आपल्याला त्यात काय.

त्याने मला अर्सुला ले ग्विन या बाईंचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' दिलं, १९६८ सालचं. बारीक पुस्तक आहे म्हणून घेतलं. त्या जगात प्रत्येकाचं एक खरं नाव असतं आणि ते ज्याला कळलं त्याची तुमच्यावर सत्ता चालते, म्हणून लोक ते कुणाला सांगत नाहीत. सुरुवातीलाच नायकाचं, गेडचं, नाव ठेवतात. पोरगा तेरा वर्षांचा. त्याची मावशी आधी त्याचं लहानपणीचं नाव काढून घेते, मग तो झऱ्याच्या थंडगार पाण्यातून एकटा चालत पलीकडे जातो आणि तिथे त्याचा गुरू त्याला दंडाला धरून कानात हळूच नाव सांगतो. मी पुस्तक मिटलं आणि बाहेर जाऊन बसलो. आमच्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाधप मारतात, तो सगळा गलका आठवला. माझी आई जन्मभर वडलांचं नाव घेत नव्हती, उखाण्यातच काय ते घेतलं असेल. हे मी कधी एका ओळीत लावून पाहिलं नव्हतं. परकं वगैरे बोलणं मी त्या दिवसापासून सोडलं. पुढे पुतण्याने सांगितलं की गेड गोरा नाही, तांबूस काळसर वर्णाचा आहे, बाईंनी मुद्दाम तसा लिहिलाय आणि टीव्हीवाल्यांनी गोरा नट घेतला तेव्हा त्या जाहीरपणे बोलल्या. मला तर वाचताना तो आमच्या शेजारचा वाटला होता.

ठाणे

काका, किती छान लिहिलंत. पण मी हेच पुस्तक रागाने खाली ठेवलं होतं. त्यात गेडच्या बेटावर एक म्हण आहे, बायकांच्या जादूइतकं दुबळं, बायकांच्या जादूइतकं दुष्ट. जादूची शाळा फक्त पुरुषांची. मी तेव्हा वीस वर्षांची, म्हटलं एका बाईने हे लिहावं? मैत्रिणींना सांगत सुटले की वाचू नका.

मग खूप वर्षांनी कळलं की तिसरं पुस्तक १९७२ ला आलं आणि चौथं, 'तेहानू', थेट १९९० ला. अठरा वर्षांनी त्या बाई स्वतःच परत आल्या आणि आपल्याच जगाकडे पुन्हा बघायला लागल्या. (इथून पुढे थोडं फुटतं.) दुसऱ्या पुस्तकाची नायिका तेनार आता शेतकऱ्याची विधवा आहे. मोठं युद्ध वगैरे काही नाही, भांडी आहेत, शेळ्या आहेत, आगीत भाजलेली एक लहान मुलगी आहे जिच्या चेहऱ्याकडे लोक बघत नाहीत आणि जिला आता कोण सांभाळणार हा प्रश्न आहे. गेड परत येतो तर त्याची सगळी शक्ती गेलेली. मी हे आईला फोनवर रोज रात्री अर्धा तास मराठीत सांगत होते, तिला इंग्रजी येत नाही. आई पस्तिसाव्या वर्षी विधवा झाली, तिने आम्हाला वाढवलं. गेडला शक्ती गेल्याची लाज वाटते आणि तो लोकांना तोंड दाखवत नाही हे मी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "पुरुषाला हे पहिल्यांदाच होतंय ना, म्हणून जड जातंय त्याला." मी चार परीक्षणं वाचली होती या पुस्तकाची, एकातही हे नव्हतं. आता मी सगळ्यांना सांगते की पहिली चारही वाचा, क्रमाने वाचा, आणि राग आला तरी थांबू नका.

हैदराबाद

'व्हील ऑफ टाइम'. चौदा भाग. सातव्यापासून दहाव्यापर्यंत गोष्ट इतकी रेंगाळते की दहावा मी अर्ध्यात सोडला, आणि वर्षानुवर्षं सगळ्यांना हेच सांगायचो, लेखकाचा स्वतःच्या गोष्टीवर ताबा राहिला नाही. रॉबर्ट जॉर्डन २००७ ला गेले, शेवटचे तीन भाग त्यांच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने पूर्ण केले, २०१३ ला संपलं. रूममेटने शेवटपर्यंत वाचलं होतं, तो एवढंच म्हणायचा, तू वाच मग बोल. नाइट शिफ्ट लागली तेव्हा पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं, दोन कॉलच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटं मिळायची तेवढंच. घाई नव्हती म्हणून असेल, पण तेच रेंगाळलेले भाग मला सोबतीसारखे वाटायला लागले, माणसं चहा पिताहेत, भांडताहेत, प्रवास करताहेत. दहावा अजूनही कमजोरच आहे, ते मत बदललेलं नाही. पण ताबा नव्हता हे चूक. शेवटचा प्रसंग जॉर्डननी जाण्याआधीच लिहून ठेवला होता, म्हणजे कुठे पोचायचंय ते त्यांना पक्कं माहीत होतं.

फोंडा, गोवा

मला टेरी प्रॅचेट म्हणजे नुसते विनोद वाटायचे. त्यांच्या डिस्कवर्ल्ड या मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत, मी तीनेक वाचून सोडल्या होत्या. त्यात मृत्यू हे एक पात्र आहे, आपला यम रेड्यावर येतो तसा तो पांढऱ्या घोड्यावर येतो, आणि त्याचं बोलणं सगळं कॅपिटल अक्षरांत छापलेलं असतं, अवतरण चिन्हं नाहीत.

बाबांना विसरण्याचा आजार झाला तेव्हा कुणीतरी सांगितलं की प्रॅचेटनाही अल्झायमर होता, २००७ च्या डिसेंबरात त्यांनी स्वतः जाहीर केलं आणि त्यानंतरही २०१५ ला जाईपर्यंत ते लिहीत राहिले. म्हणून परत हातात घेतलं, यावेळी 'रीपर मॅन', ते मात्र आजाराच्या खूप आधीचं, १९९१ चं. मृत्यूची नोकरी जाते आणि तो एका म्हाताऱ्या बाईच्या शेतावर कामाला लागतो. कापणीला उभा राहिला की तो पेंढीच्या पेंढी कापत नाही, एकेक काडी वेगळी कापतो. प्रत्येक काडी वेगळी. आमच्याकडे भाताची कापणी विळ्याने व्हायची तेव्हा मूठभर धरून सपकन ओढायचे, ते मी शंभरदा बघितलंय, त्यामुळे ते एकेक काडी कापणं मला अगदी डोळ्यासमोर दिसलं. मृत्यू कुणाला घाऊक नेत नाही, त्याला प्रत्येकजण वेगळा माहीत आहे. बाबांच्या खोलीत बसून वाचत होतो, मला खूप धीर आला.

बाबांना ते पान मराठीत सांगायला गेलो आणि अडलो, कारण आपल्या लिपीत कॅपिटल नाहीत. तो आवाज आणायचा कसा? शेवटी मृत्यूचं बोलणं मी हळू, एका सुरात, आरतीनंतर मंत्रपुष्पांजली म्हणतात तसं म्हटलं. बाबा लक्ष देऊन ऐकत होते. अनुवाद करणाऱ्या कुणी यावर विचार केला असेल तर लिहा, मला मनापासून हवंय.

बीड

मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. ही जाडी पुस्तकं इंग्रजी मिडीयमच्या पोरांची, आमच्या पोरांना त्यात काय कळणार, असं माझं मत होतं आणि मी ते स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवायचो. शाळेच्या पेटीत 'हॅरी पॉटर आणि परीस'ची एक प्रत पडून होती. दिवाळीनंतर आमच्याकडं ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं आजी-आजोबांकडं राहत्यात, पाच-सहा महिने आईबाप नसत्यात, संध्याकाळी ती शाळेतच रेंगाळायची. म्हणून रोज दहा पानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. परीस काय ते सांगावं लागलं नाही, लोखंडाचं सोनं करतो हे सगळ्यांना माहीत. चिरडलेला केक घेऊन हॅग्रिड येतो तिथं तर पोरं उठून उभी राहिली.

पण मला सांगायचंय ते पत्राचं. अनाथ हॅरी मावशीकडं राहत असतो, त्याला जादूच्या शाळेकडून आलेल्या पत्रावर पत्ता असतो, जिन्याखालची खोली. पाचवीतली एक पोरगी म्हणली, "सर, म्हंजी त्यांला ठावं होतं त्यो कुठं निजतो ते." म्हटलं, हो. तर म्हणती, "मग धा वरीस आलं का न्हाईत न्यायला?" तिचे आईबाप तेव्हा कारखान्यावर होते. मी सातही भाग वाचलेले नाहीत, पहिलाच वाचलाय, त्यामुळं मला उत्तर देता आलं नाही. पोरांना काय कळणार हे मी पुन्हा कधी बोललो नाही. कुणाला उत्तर माहीत असेल तर सांगा.

ठाणे

सर, उत्तर आहे. पाचव्या भागाच्या शेवटी त्या शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर स्वतः हॅरीसमोर बसून सांगतो की तुला मावशीच्या दारात ठेवलं तेव्हा पुढची दहा वर्षं तुझी कशी जाणार हे मला माहीत होतं. आईच्या रक्ताचं संरक्षण मावशीच्या घरातच टिकणार होतं, म्हणून ठेवलं. हॅरीचा राग त्याने जात नाही, आणि डंबलडोर तो जावा अशी अपेक्षाही करत नाही. मुलीला सांगा की तिचा प्रश्न बरोबर आहे, पुस्तकातसुद्धा तो विचारला गेलाय.

बीड

ताई, आभारी आहे. आज तिला एवढंच सांगितलं की उत्तर पाचव्या भागात आहे. ती आता दुसऱ्या भागावर आहे, स्वतःच वाचती, घरी नेऊन आजीलाही वाचून दाखवती. पाचवा आमच्या पेटीत नाही. मागवलाय, पाडव्यापर्यंत येईल, तवर तिचे आईबापही आलेले असतील.