हेवीवेट बॉक्सर जो लुईसचे जगज्जेतेपदाच्या पट्ट्याचे 25 बचाव म्हणे फुगवलेले!

डावखुरा : लांब जॅब, तुमचं कालचं वाक्य असं: “जो लुईसने पट्टा 25 वेळा राखला, पण दर महिन्याला नवा बकरा पुढे करून. खरी सत्ता व्लादिमिर क्लिचकोची.” बकरे मोजायचेच तर नीट मोजा. 22 जून 1937 ला लुईसने तेव्हाच्या विजेत्या ब्रॅडॉकला आठव्या फेरीत आडवा केला, 1 मार्च 1949 ला निवृत्ती. मार्च 1942 ते जून 1946 लष्करामुळे पट्ट्याची एकही लढत नाही, तरी 25. आणि 1941 च्या सात ‘बकऱ्यां’त बिली कॉनही येतो. 12 फेऱ्यांनंतर दोन गुणपत्रिकांवर कॉन पुढे, तिसरीवर बरोबरी. तेराव्या फेरीत त्याला नॉकआऊटची हाव सुटली आणि दोन सेकंद उरले असताना तोच मोजून बाद झाला.

लांब जॅब : कॉनचं वजन मात्र गिळलंत. जाहीर आकडा 174 पौंड, म्हणजे हेवीवेटच्या खालचा गट, लाइट हेवीवेट. लुईस 200 च्या आसपास. आणि 1947 ची वॉलकॉटची लढत? लुईस दोनदा खाली, रेफरीने कौल वॉलकॉटला दिला, दोन पंचांनी लुईसला तारलं. क्लिचको 9 वर्षं 7 महिने, 18 बचाव, एकदाही असं तरणं नाही.

डावखुरा : क्लिचकोवर तशी वेळच कशी येणार? डावा हात ताणून अंतर राखायचं, समोरचा आत शिरला की त्याच्या मानेवर अख्खा भार टाकून लोंबकळायचं, रेफरी सोडवेपर्यंत आराम. 2013 ला मॉस्कोत पोवेत्किनविरुद्ध गुण कापला तो थेट अकराव्या फेरीत!

लांब जॅब : त्याच लढतीत पोवेत्किन चार वेळा पडला, हे लिहायला शाई संपली का? सातव्या फेरीतच तीनदा. मानेवर 110 किलो झेलून पाय गेले की असंच होतं. त्याला कसब म्हणतात.

काटा खोटा : हेवीवेटवाल्यांनो, तुमच्या गटाला वरची मर्यादा नाही, वजन उतरवावं लागत नाही, म्हणून एवढा जोर. बर्नार्ड हॉपकिन्सने 160 पौंडांच्या मिडलवेट गटात 1995 ते 2005, वयाच्या चाळिशीपर्यंत 20 बचाव केले. ते बघा.

पंधरा फेऱ्या : त्याच्याकडे 2001 पर्यंत वेगवेगळ्या संघटनांच्या पट्ट्यांपैकी एकच होता. वजन लढतीच्या आदल्या दिवशी, फेऱ्या 12. त्याच गटातल्या जुन्या कार्लोस मोन्झॉनचे 14 बचाव लढतीच्याच दिवशी काट्यावर उभं राहून, 15 फेऱ्यांच्या बोलीवर.

काटा खोटा : आदल्या दिवशीचं वजन सोपं वाटतं? शेवटच्या आठवड्यात भात-ब्रेड तोडतात, कारण 1 ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे स्नायूंतल्या साखरेच्या साठ्याबरोबर, सुमारे 3 ग्रॅम पाणी जातं. आधी पाणी भरपूर, मग एकदम बंद, वर गरम पाण्याचा टब. वजन झाल्यावर मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटाने. गटागट प्यायलं की पोट फुगतं किंवा उलटी होते. रक्तातलं पाणी पुरेसं भरलं नाही तर नाडी धावते, पाय जड होतात. आणि हे ज्याला चांगलं जमतं तो दुसऱ्याचा जीव घेऊ शकतो. 2000 साली आर्टुरो गॅटी काट्यावर 141 पौंड, रिंगमध्ये 160. समोरचा जोई गमाश दुसऱ्या फेरीत संपला, कारकीर्दही तिथेच.

पंधरा फेऱ्या : मग त्याच दिवशी सुकलेल्या अंगाने 15 फेऱ्या खेळवायच्या? 1982 ला मॅन्सिनीविरुद्ध किम दुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला, वाचला नाही. डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेने 12 फेऱ्या केल्या त्या त्यानंतर.

काटा खोटा : जुनं ते सोनं म्हणून मोन्झॉनला आणलंत तुम्ही, मी नाही!

डावखुरा : विषय लुईसचा होता. काटे आणि टब कुठून आले?

लांब जॅब : बरं बाबा, लुईस पहिला. उपकार समजा. तेही 1948 ला वॉलकॉटला अकराव्या फेरीत झोपवलं म्हणून, पहिल्या लढतीच्या गुणपत्रिकांसाठी नाही.

पंधरा फेऱ्या : आणि हेन्री आर्मस्ट्राँग? वजनगट आठच असताना 1938 मध्ये तीन पट्टे एकाच वेळी. ऑक्टोबर 1939 मध्ये वेल्टरवेटचे पाच बचाव, एका महिन्यात.

काटा खोटा : 147 पौंडांच्या त्या वेल्टरवेट गटात तो विजेत्या बार्नी रॉसविरुद्ध उतरला तो जेमतेम 133½ पौंडांचा. उतरवायला काही नव्हतंच, म्हणून महिन्यात पाच जमले. आलात ना शेवटी काट्यावरच?