काढून टाकलेला मालवेअर संगणक पुन्हा सुरू केल्यावर परत येतो

प्रश्न

नमस्कार. घरच्या विंडोज ११ संगणकावर एक मोफत व्हिडिओ कन्व्हर्टर इन्स्टॉल केल्यापासून ब्राउझरचे शोधपान आपोआप बदलते आणि डिफेंडर (विंडोजमधील अँटिव्हायरस) रोज ट्रोजन (मालवेअरचा एक प्रकार) सापडल्याची सूचना देतो. मी ती फाइल काढून टाकतो, त्यानंतरच्या पूर्ण स्कॅनमध्ये काहीच आढळत नाही, पण संगणक पुन्हा सुरू केला की थोड्याच वेळात तीच फाइल टेम्प फोल्डरमध्ये हजर असते. अधूनमधून एक काळी विंडो क्षणभर उघडून बंद होते. सर्व कौटुंबिक फोटो याच संगणकावर असल्यामुळे फॉरमॅट करण्याचे धाडस होत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

पहिले उत्तर

ती काळी विंडो हाच खरा धागा आहे. आपण काढता ती फाइल केवळ फळ आहे. तिला पुन्हा आणून ठेवणारे मूळ दुसरीकडे आहे आणि ते सापडेपर्यंत कितीही वेळा स्कॅन केले तरी हे चक्र थांबणार नाही.

आधी वायफाय बंद करा. मग टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालवणारे विंडोजचे साधन) उघडून प्रत्येक कामाच्या ‘ॲक्शन्स’ भागात नेमका कोणता प्रोग्रॅम चालवला जातो ते पाहा. पॉवरशेल (लिखित आदेश चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) किंवा ॲपडेटा, प्रोग्रॅमडेटा या फोल्डरमधील अनोळखी फाइल चालवणारे काम संशयास्पद समजावे. मात्र विंडोजची स्वतःचीही बरीच कामे तिथे असतात, त्यामुळे घाईने डिलीट न करता आधी ते डिसेबल करा. त्यानंतर विंडोज सिक्युरिटीमधील ‘एक्सक्लूजन्स’ची, म्हणजे स्कॅनमधून वगळलेल्या जागांची यादी तपासा. आपण स्वतः काही घातले नसेल, तर घरच्या संगणकावर ही यादी बहुधा रिकामीच असते.

यादी साफ झाल्यावरच डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन करा. त्याला साधारण १५ मिनिटे लागतात आणि ते विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी चालत असल्यामुळे मालवेअरला जागे होऊन स्वतःला लपवण्याची संधी मिळत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपले म्हणणे तंतोतंत खरे ठरले. ध्वनीच्या ड्रायव्हरचे अपडेट वाटावे अशा नावाचे एक काम दर ३० मिनिटांनी पॉवरशेल चालवत होते आणि त्याच्या आदेशात ‘हिडन’ या शब्दापुढे अक्षरांची लांबलचक, निरर्थक ओळ होती. एक्सक्लूजन्समध्ये प्रोग्रॅमडेटामधील एक फोल्डर घातलेला होता, म्हणजे स्कॅन रोज नेमके तेच ठिकाण वगळत होते. ऑफलाइन स्कॅनमध्ये तिथल्या दोन फाइली पकडल्या गेल्या. आता सूचना थांबल्या आहेत, परंतु शोधपान अजूनही बदलते.

दुसरे उत्तर

शोधपानाचे कारण बहुधा ब्राउझरचे सिंक, म्हणजे सेटिंग्ज खात्यात जपून पुन्हा उतरवण्याची सोय, आहे. संगणकावरून काढलेले एक्सटेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) आपल्या खात्यात जपलेले असेल, तर लॉगिन करताच ते परत उतरते. म्हणून सिंक बंद करून खात्यातील सिंक डेटा पुसा, एक्सटेन्शन काढा आणि मगच ब्राउझर रीसेट करा. ब्राउझर ‘संस्थेद्वारे व्यवस्थापित’ आहे असा संदेश घरच्या संगणकावर दिसत असेल, तर मालवेअरने रजिस्ट्रीमध्ये (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) पॉलिसी, म्हणजे ब्राउझरवर सक्तीचा नियम, घातली असण्याची शक्यता मोठी आहे.

मला मात्र अधिक काळजी पासवर्डची वाटते. लपून चालणाऱ्या पॉवरशेलने या काळात आणखी काय उतरवले आणि काय बाहेर पाठवले, हे आता खात्रीने सांगता येणार नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गेले असे धरून, दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून ते बदला. सुरुवात ईमेलपासून करा, कारण इतर खात्यांचे रीसेट दुवे तिथेच येतात. प्रत्येक खात्यात ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ हा पर्याय अवश्य वापरा. चोरलेल्या कुकीमुळे (ब्राउझरमध्ये जपलेली लॉगिनची खूण) पासवर्डशिवायही खाते उघडता येते.

याच कारणासाठी मी विंडोज नव्याने टाकण्याचाच आग्रह धरेन. बाह्य ड्राइव्हवर फक्त फोटो आणि कागदपत्रे घ्या. जुने इन्स्टॉलर व झिप फाइली घेऊ नका. बॅकअपमधील काही फोटो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा आणि ते नीट दिसल्यावरच पुढे जा. किमान ८ जीबीचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हही त्या स्वच्छ संगणकावरच तयार करा आणि इन्स्टॉल करताना बाह्य ड्राइव्ह काढून ठेवा, म्हणजे जुनी पार्टिशन्स (डिस्कचे भाग) डिलीट करताना चुकून बॅकअप पुसला जाणार नाही.