विज्ञानपट आणि आमच्याकडचा प्रेक्षक

भारी बजेटचा विज्ञानपट म्हणजे पैसा पाण्यात, हे मत मला अजिबात पटत नाही. 'जॉन कार्टर'वर डिस्नेने २०१२ मध्ये सुमारे २० कोटी डॉलरचा तोटा जाहीर केला, हे खरं. पण 'इंटरस्टेलर'ने २०१४ मध्ये १६.५ कोटी डॉलर खर्चाच्या चौपट गल्ला जमवला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात पुन्हा लागला तेव्हाही गर्दी झाली.

गल्ल्यातला निम्म्याच्या आसपास वाटा थिएटरवाल्यांचा, वर जाहिरातीचा खर्च. त्यामुळे खर्चाच्या दुप्पट-अडीचपट आल्याशिवाय निर्माता सुटत नाही. एवढी रक्कम नुसत्या महानगरांतून कशी निघणार? जळगाव, भुसावळ, धुळ्याचा प्रेक्षक हवाच. त्याच्या वाट्याला काय येतं, तर हिंदी डबचा एखादा खेळ, तोही भर दुपारी, आणि पुढच्या शुक्रवारी पोस्टर उतरलेलं. कापूस विकून हातात पैसा आला की आमच्याकडे घरंच्या घरं सिनेमाला निघतात, हो! 'कल्की २८९८ एडी'त अश्वत्थामा होता, म्हणून म्हातारी माणसंही तीन तास बसली. निदान पहिल्या आठवड्यात रात्रीचा डब खेळ द्या, मग तोट्याचं बोला.