मदत हवी आहे: १९६६ साली ब्रिटनला मुलं नेताना असलेली सोळा वर्षांची अट, कागद कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी, बाबांसाठी विचारतेय. त्यांनी पंचाहत्तरी ओलांडलीये आणि हे त्यांच्या हयातीत सुटावं असं फार वाटतंय.

आजोबा मुंबईत गिरणीत फिटर होते, १९६४ ला व्हाउचरवर (तिकडच्या सरकारचा कामाचा परवाना) इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनला जाऊन फाउंड्रीत लागले. नोव्हेंबर १९६६ मध्ये आजी, आत्या आणि धाकटे काका गेले, आणि बाबा मागे, साताऱ्याला त्यांच्या मावशीकडे. घरात कायम एकच ऐकलं, "थोरल्याला टाकून गेले." बाबांनी आजोबांना शेवटपर्यंत एक पत्र लिहिलं नाही.

आता आत्याने आजीचा जुना पासपोर्ट पाठवलाय. मुलांच्या पानावर निळ्या शाईत तीन नावं आहेत जन्मतारखांसकट, आणि पहिलं, बाबांचं, आडवी रेघ मारून खोडलंय, बाजूला शिक्का नि सही. म्हणजे आधी त्यांनाही न्यायचंच होतं ना? बाबा कितीतरी वेळ त्या रेघेवर नुसते बोट फिरवत बसले होते.

मग मी कायदा वाचायला घेतला. ब्रिटनच्या १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने कॉमनवेल्थमधले आपण सगळे कागदोपत्री ब्रिटिश सब्जेक्टच (म्हणजे प्रजा), त्यामुळे आधी तिकडून अडकाठी नव्हती. १ जुलै १९६२ पासून व्हाउचर आली: अ म्हणजे नोकरी ठरलेली, ब म्हणजे हातात कसब, क म्हणजे बाकी सगळे. तिथे राहणाऱ्याची बायको आणि सोळाच्या आतली मुलं हक्काने जाऊ शकायची. बाबांचा जन्म मार्च १९५० चा. आठ महिन्यांनी हुकलं हो! स्वतःचं व्हाउचर काढावं तर ऑगस्ट १९६५ मध्ये क वर्गच बंद केला, वर्षाला सगळी मिळून ८५०० व्हाउचर आणि त्यातली १००० माल्टासाठी, तिथे शाळकरी पोराला कोण विचारतंय. मला यात आजोबांचा दोष दिसत नाही, तिघाचौघांचं बोटीचं भाडं जमवेपर्यंत दोन वर्षं गेली असणार, पण माझ्या सांगण्याने बाबांचं समाधान होत नाही, त्यांना कागद हवाय.

लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमधल्या बोटींच्या प्रवासी याद्या १९६० पर्यंतच्याच आहेत, तो रस्ता संपला. व्हाउचर मिनिस्ट्री ऑफ लेबर द्यायची, तर तिच्या फायलींमध्ये एकेकाच्या नावाने शोधता येतं का? १९६९ पर्यंत कुटुंबाला निघायच्या आधी एंट्री सर्टिफिकेट (प्रवेशाचा दाखला) काढायची सक्ती नव्हती, बंदरावरचा अधिकारी ठरवायचा, मग बाबांना नकार लेखी आला असेल की कुणीतरी नुसतं तोंडी सांगितलं असेल "हा सोळाचा झालाय, याला उतरू देणार नाहीत"? कुणाच्या घरी त्या काळातलं असं नकाराचं पत्र आहे का, ते कुणाच्या सहीने यायचं? आणि नाव खोडल्याचा शिक्का आपल्या पासपोर्ट ऑफिसचाच असणार ना?

शिक्क्यातली अक्षरं पुसट आहेत. उद्या सकाळच्या उजेडात फोटो काढून खाली टाकते, कुणाला तारीख लागली तर प्लीज लगेच कळवा, ती मार्चच्या आधीची की नंतरची एवढंच बाबा विचारतायत.