शबनमच्या एम.ए.ला फासावर चढवू नका

ओसरी
परवा इथे एकांनी उत्तर प्रदेशातल्या बावनखेडीच्या शबनमवर लिहिलं. प्रकरणाची माहिती बरोबर होती, शेवट मात्र असा: "दोन-दोन एम.ए. केलं, मोकळीक दिली, तिनेच घरादाराचे गळे चिरले. मुलींना किती शिकवायचं याचा आता तरी विचार करा." खाली सहमतीच्या +१ ची रांग. तिथेच उत्तर द्यायला घेतलं, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

१४ एप्रिल २००८ ची रात्र. आई, वडील, दोन भाऊ, वहिनी, बहिणीच्या नात्यातली एक मुलगी आणि दहा महिन्यांचा भाचा. मोठ्यांना गुंगीचं औषध पाजून कुऱ्हाडीने मारलं, बाळाचा गळा दाबला. नंतर शबनम सांगत होती, मी गच्चीवर झोपले होते, पाऊस आला म्हणून खाली आले तर हे दिसलं. २०१० मध्ये सत्र न्यायालयाने तिला आणि तिचा प्रियकर सलीम याला फाशी सुनावली, २०१३ मध्ये हायकोर्टाने आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. यातलं एक अक्षरही मी नाकारत नाही. आत्या म्हणवून घेणारी बाई त्या बाळापाशी गेलीच कशी, या विचाराने आजही पोटात कालवतं.

पण मग सलीमचं काय? तो जेमतेम प्राथमिक शाळा शिकलेला, लाकूड कापण्याच्या कामावर जाणारा. कोर्टापुढे आलेल्या हकिगतीप्रमाणे कुऱ्हाड त्यानेच चालवली. त्याच्यावरून कुणी लिहिलं का, की मुलांना लवकर शाळेतून काढू नका? खून दोघांनी केला आणि दोष एकटीच्या पदव्यांना!

आणखी एक. तेव्हा त्या जिल्ह्याचं नाव होतं ज्योतिबा फुले नगर. अमरोहा हे नाव २०१२ मध्ये आलं. कोर्टाच्या कागदात ते जुनं नाव वाचलं तेव्हा पुढची ओळ वाचवेना.

त्या वर्षी मी बी.ए.चा बाहेरून फॉर्म भरणार होते. काकांनी ही बातमी वर येईल अशी घडी घालून पेपर माझ्या ताटाशेजारी ठेवला. बोलले काहीच नाहीत. फॉर्मची तारीख गेली. मी तो भरला सहा वर्षांनी.

रोखठोक ७१
लेख माझा आहे, तेव्हा "एकांनी" म्हणायची गरज नव्हती. तुमच्या काकांचा राग माझ्यावर काढू नका. सुप्रीम कोर्टानेच २०१५ च्या निकालात म्हटलंय की मुलगी शिकलेल्या, मोकळ्या वातावरणात वाढलेली, शिक्षामित्र म्हणजे शाळेत शिक्षिका म्हणून मानाची नोकरी करणारी. हे मी लिहिलं की मी बुरसटलेला, आणि न्यायमूर्तींनी लिहिलं की?

ओसरी
न्यायमूर्तींनी ते लिहिलं कारण आईबापांनी तिला काही कमी केलं नव्हतं आणि तरी तिने हे केलं, म्हणून गुन्हा जास्त भयंकर. शिक्षणामुळे केलं असं त्या निकालात कुठे आहे? ओळ दाखवा.

रोखठोक ७१
ओळ नाही. अर्थ आहे. दोन मुलींचा बाप आहे मी, मला तो लागला.

अपील
अवांतर आहे, पण या प्रकरणातली खरी शिकण्यासारखी गोष्ट कुणीच बोलत नाही. १५ मे २०१५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला आणि २१ मे ला सत्र न्यायालयाने डेथ वॉरंट काढलं. सहा दिवसांत! फेरविचार अर्जालाच तीस दिवसांची मुदत असते, दयेचा अर्ज तर पुढची गोष्ट. २७ मे ला न्या. सिक्री आणि न्या. लळीत यांनी ते वॉरंट रद्द केलं. फाशीच्या कैद्यालाही सगळे मार्ग संपेपर्यंत माणूस म्हणून वागवायचं, हे त्या आदेशाचं सार. वीस वर्षं कोर्टात उभा राहतोय. फाशीच्या खटल्यात घाई झाली की माझ्या अंगावर काटा येतो.

शिवारातला
घाई? वकीलसाहेब, त्या सात जणांना किती दिवसांची मुदत मिळाली होती? फेरविचाराचा अर्ज कुणाकडे करायचा होता त्यांनी?

माझ्या धाकट्या बहिणीला तिच्या दिराने जिवे मारलं. दीड एकराच्या वाटणीवरून. अकरा वर्षं झाली. मी तारखेला जातो, समोर तो बसलेला असतो, इस्त्रीचा शर्ट घालून. मागच्या वेळी त्याने मला विचारलं, "दाजी, पाणी आहे का?" आणि मी बाटली दिली. सवयीने हात पुढे गेला. घरी येऊन ती बाटली फोडली मी.

लहान मुलं पळवून मारणाऱ्या कोल्हापूरच्या गावित बहिणींचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १९९६ ला पकडल्या, २००६ ला सुप्रीम कोर्टाने फाशी कायम केली, २०२२ ला हायकोर्टाने जन्मठेप केली. का, तर दयेच्या अर्जावर सरकारने वर्षं घालवली. ज्यांची लेकरं गेली त्यांनी अडवली होती का ती फाइल?

अपील
नाही अडवली. हायकोर्टानेही तेव्हा सरकारी यंत्रणेलाच दोष दिला. उशिराचा राग बरोबर आहे तुमचा. पण त्यावर उपाय म्हणून कायद्याने दिलेली मुदत कापायची का?

शिवारातला
तुम्हाला मुद्दा दिसतो, मला तो शर्ट दिसतो.

सांजवात
तिच्या मुलाबद्दल कुणीच बोललं नाही. खून झाले तेव्हा ती गरोदर होती, डिसेंबर २००८ मध्ये तुरुंगात बाळंत झाली. सहा वर्षांचा होईपर्यंत मूल आईजवळ राहू शकतं, मग बाहेर. कॉलेजात कधीतरी तिने ज्याला फीसाठी मदत केली होती, त्याने आणि त्याच्या बायकोने ते मूल वाढवलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये मथुरेच्या तुरुंगात फाशीच्या तयारीच्या बातम्या आल्या, तेव्हा त्या मुलाने पाटीवर लिहून राष्ट्रपतींकडे आईसाठी दया मागितली.

मी चार वर्षं महिला कैद्यांच्या मुलांना शिकवायला जात होते. बराकीत दिवा रात्रभर जळतो. बाहेर आलेला एक मुलगा अंधारात झोपेचना. मावशीने दिवा घालवला की भिंतीला चिकटून बसायचा आणि आकडे म्हणायचा, कैद्यांच्या गिनतीसारखे. त्या मुलाचा गुन्हा काय, हे मी वरिष्ठांना विचारलं तर उत्तर मिळालं, "बाई, तुम्ही बाराखडीपुरतं बघा."

रोखठोक ७१
म्हणजे मूल झालं की खून माफ? उद्या प्रत्येक जण हेच कारण पुढे करेल.

सांजवात
माफ करा म्हटलंच नाही मी! जन्मठेपही शिक्षाच आहे. निदान समोरच्याने काय लिहिलंय तेवढं वाचा.

शिवारातला
सांजवातताई, तो मुलगा निष्पाप आहे, शंभरदा मान्य. पण दहा महिन्यांचा जो गेला तोही निष्पापच होता. आज तो असता तर त्या मुलापेक्षा दीड वर्षाने मोठा असता. एकाच अंगणात खेळले असते दोघं. त्याच्या वतीने पाटी कोण धरणार?

सांजवात
याला माझ्याकडे उत्तर नाही.

अपील
माझ्याकडेही नाही.

रोखठोक ७१
धागा फाशीवर गेला, बरं झालं. मूळ प्रश्न तसाच आहे. घरच्यांचा लग्नाला विरोध होता. मुलगी कमी शिकलेली असती तर गुपचूप ऐकलं असतं.

ओसरी
गुपचूप ऐकणाऱ्या किती जणींना विहिरीतून काढलंय, तेही मोजा कधीतरी. ती शिकलेली होती, कमावती होती. दार उघडून सलीमबरोबर निघून जाणं तिला शक्य होतं. तिने ते केलं नाही आणि कुऱ्हाडीची वाट धरली, म्हणून तर तिचा गुन्हा इतका मोठा. शिक्षणाने ते दार दिलं होतं हो! दोष द्यायचा तर तिला द्या, दाराला नको.

रोखठोक ७१
ठीक आहे. शेवटचं वाक्य घाईत लिहिलं गेलं असेल. लेख मागे घेणार नाही.

शिवारातला
फाशीबद्दल माझं मत बदलणार नाही, कुणी प्रयत्न करू नका. पण त्या लेखाखाली +१ देणाऱ्यांत मीही होतो. रात्री रागात होतो, शेवटपर्यंत न वाचताच दिला. तो काढता येत नाही, म्हणून इथे लिहितो, की माझा धरू नका.

ओसरी
दादा, विचारू नये, पण बहीण किती शिकली होती?

शिवारातला
बारावी. पहिली आली होती वर्गात. पुढे आम्हीच नाही शिकवलं.