गार विरघळते की वितळते?

पांदण
परवा आमच्या मोर्शीकडे गारा पडल्या. आंबिया बहाराची बारकी संत्री झडली. पोरीनं वहीत लिहिलं, "सकाळपर्यंत गारा विरघळल्या." शाळेतून तो शब्द लाल शाईनं खोडून आला, वर 'वितळल्या'. मला हे अजिबात पटलं नाही. घरात तीन पिढ्या गार विरघळतच आली. आजी तर 'पाघयली' म्हणे. ओघळणे, पाघळणे, विरघळणे, तिन्हींत तोच 'घळ' आहे. 'विरघळली' म्हटलं की तळहातावर कडा झिजत जाणारी गार दिसते. 'वितळली' म्हटलं की सोनाराची मूस.

विज्ञान शिकवणारी
ताई, खोडलं ते बरोबरच. मीठ विरघळतं, कारण त्याला पाणी लागतं आणि पाणी आटवलं की मीठ परत मिळतं. गारेला फक्त उष्णता लागते. शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला 80 कॅलरी, म्हणून तर सावलीतले गारांचे ढीग इतका वेळ टिकतात. दोन्ही क्रिया एकाच शब्दात कोंबल्या की द्रावण आणि द्रवणांक (पदार्थ ज्या तापमानाला वितळतो ते) यांत मुलं अडकतात. मी दरवर्षी बघते.

कास्तकार
विज्ञानाच्या तासाले कबूल. पण वही कोणत्या विषयाची होती?

पांदण
मराठीची. 'गारपीट' हा निबंध.

जुनी पोथी
पाघळणे संस्कृत 'प्र + गल्'कडे जातं, हिंदीतलं 'पिघलना' त्याचंच भावंड. तेव्हा पोरं 'बर्फ पिघळला' म्हणतात म्हणून चिडू नये; आजीचा शब्द त्यांच्या कानावर घालावा. पण नुसत्या 'घळ'वरून विरघळणे त्याच घरात नेऊ नका, मधल्या 'र'चा हिशेब द्यावा लागतो. खुद्द 'बर्फ' फारसी आहे. आपला शब्द हिम. संस्कृतात त्याचा अर्थ थंडीही आणि बर्फही. आपल्याकडे त्याचं हिंव झालं, हिवाळा झाला, हिवताप झाला. चिखलदऱ्यालासुद्धा बर्फ पडत नाही, मग शब्दात थंडी तेवढी उरली. आभाळातून पडणाऱ्या बर्फाला आपण गार म्हणालो, आणि गार म्हणजे थंडही.

विज्ञान शिकवणारी
निबंध असेल तर मी खोडलं नसतं, हे मान्य. पण 'वितळणे' परकं किंवा कोरडं नाही. लोणी वितळतं, मेण वितळतं, हे चुलीजवळचेच शब्द आहेत. सोनाराकडे कशाला जायचं?

कास्तकार
2014 च्या गारपिटीत आमचा गहू आडवा झाला होता. सकाळी बाबा धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, "पाघयलं सारं." तवा गारा बी पाघयल्या होत्या न् पीक बी गेलं होतं. तिथं 'वितळलं' म्हणून पाहा, बसत नाही.

विज्ञान शिकवणारी
भाऊ, तिथं 'विरघळलं'ही बसत नाही.

पांदण
हे मात्र खरं. पोरीला आजीचा शब्द सांगितला. ती म्हणते, वहीत 'पाघळल्या' लिहिते. उद्या वही घेऊन मी स्वतः शाळेत जाते.